ताट

"तू बोलशील असं वाटलं हुतं मला."

गवार मोडता मोडता काकी एवढंच म्हणाली. मान वर केली नाही, हात थांबवला नाही. तात्यांच्या वर्षश्राद्धाची ती आदली संध्याकाळ. सोप्यात आम्ही दोघीच, मधे पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर गवारीचा ढीग, बाहेर भुरभुर पाऊस आणि गोठ्याकडून येणारा ओल्या वैरणीचा वास. शेंगेचं टोक मोडायचं, दोर ओढायची, दोन तुकडे करायचे. बराच वेळ घरात तेवढाच आवाज होता. काकीच्या बोलण्यात तक्रार नव्हती की राग नव्हता. आज एस्टी वेळेवर येईल असं वाटलं होतं, असं म्हणावं तशी ती म्हणाली. कुठल्या दिवसाबद्दल बोलतेय हे तिला सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. हे वाक्य कधीतरी कुणीतरी आपल्याला ऐकवणार, या धास्तीत मी वर्ष काढलं होतं. ते काकी ऐकवेल असं मात्र वाटलं नव्हतं.

तात्या गेले तेव्हाही भाद्रपदच होता, पण पाऊस उघडला होता आणि ऊन चटके देत होतं. मी पुण्याहून पोचले तोवर तिरडी बांधून झाली होती. अंगणात पुरुष घोळक्या-घोळक्याने उभे, आतल्या खोलीत बायका. काकीला भिंतीला टेकवून बसवलं होतं. नवं लुगडं, कपाळभर मळवट, दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या. एकदा शेवटचं सगळं ल्यायला लावायचं आणि मग एकेक करून उतरवायचं, ही आमच्याकडची रीत. मी दारातून आत शिरते तोच कुणीतरी माझ्या हातात पितळी ताट दिलं. "धर गं जरा." मी धरलं. गल्लीतली एक म्हातारी पुढे सरकली. तिचा नवरा जाऊन चाळीस वर्षं झाली असतील, तिचे हात रिकामे होते. तिने काकीचं मनगट धरलं नाही, धरावं लागलंच नाही. काकीने आपण होऊन दोन्ही हात पुढे केले. म्हातारीने दगडाने बांगड्या फोडायला सुरुवात केली आणि काचा माझ्या ताटात पडू लागल्या. हिरव्या, सोनेरी टिकल्यांच्या काचा. पितळेवर काच पडताना जो आवाज होतो तो किती बारीक असतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. एक काच काकीच्या मनगटात घुसली, रक्ताचा थेंब आला. काकी त्या थेंबाकडे बघत राहिली. मग जोडवी निघाली, मंगळसूत्र निघालं, आणि ओल्या फडक्याने मळवट पुसला गेला.

मी मराठी शिकवते. आपल्या भाषेत सवाष्णीची बांगडी कधी फुटत नाही, ती 'वाढवते'. कुंकू पुसत नाही, ते 'वाढवतात'. दिवा विझत नाही, त्याला 'निरोप देतात'. सगळीकडे शब्दांच्या गाद्या घातलेल्या. नवरा जातो त्या एका दिवशी मात्र भाषा सगळ्या गाद्या काढून घेते. त्या दिवशी बांगड्या फोडतात आणि कुंकू पुसतात. वर्गात हे सांगताना मुली एकदम गप्प होतात. बावीस वर्षं मी हे सांगत आलेय आणि त्याच तासाला आगरकर शिकवत आलेय. 'इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याला गणती नाही. चार गावांत या विषयावर भाषणं केली, हार घेतले, नारळ घेतले.

मी ताट खाली ठेवलं नाही.

त्या दिवशी परतीच्या एस्टीत मी मनाशी सगळी कारणं मांडली, आणि त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. मयताच्या घरात वाद घालायचा नसतो. बाहेर चारशे माणूस उभं होतं, उशीर झाला असता तर आवाज चढले असते आणि तात्यांचं मयत तिथेच अडून बसलं असतं. मी संध्याकाळी पुण्याला निघणार, पुढचे बारा दिवस त्या बायकांमध्ये काकीला काढायचे होते. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे काकीने हात स्वतः पुढे केला होता. तिची श्रद्धा असेल तर ती मोडणारी मी कोण? तिच्या दुःखाच्या जागी माझं मत नेऊन कशाला बसवायचं? हा शेवटचा प्रश्न मला फार समंजस वाटला होता. त्याच्या आधाराने मी वर्ष काढलं. काकीच्या एका वाक्याने तो आधार गेला.

काकीच्या या बोलण्याला एक जुना संदर्भ आहे. त्यासाठी अण्णांबद्दल सांगायला हवं. माझे वडील, तात्यांचे थोरले भाऊ, प्राथमिक शाळेत मास्तर होते. १९८१ साली आजी गेली तेव्हा त्यांनी अग्नी दिला, पण डोकं भादरून घेतलं नाही. दहाव्याला घाटावर गेले नाहीत. तेराव्याच्या जेवणाला जो खर्च झाला असता त्यातून त्यांनी शाळेला चार बाक करून दिले. बाकांवर कुणाचं नाव घातलं नाही. पिंडदान तात्यांनी केलं. थोरला हयात असताना धाकट्याने करावं लागलं म्हणून तात्या इतके दुखावले की दोन वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वडिलांनी काहीतरी मोठं केलंय असं मला वाटत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की गिरणीत दळण ठेवायला गेलं की बायका बोलायच्या थांबतात, आणि दोन मैत्रिणींना त्यांच्या आयांनी आमच्याकडे खेळायला यायचं नाही म्हणून सांगितलंय.

वाळीत टाकलं असं म्हणता येणार नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं, कुठे बैठक झाली नव्हती. पण त्या वर्षी संक्रांतीला आईने केलेलं वाण मला अजून दिसतं. सुगडांत हरभरा, ऊस, बोरं, गाजराचे तुकडे. चुरमुरे-तिळगुळाचं ताट दाराशी. आई दुपारपासून इरकल नेसून उंबऱ्याच्या आत उभी होती. दिवेलागणीपर्यंत तिघी जणी आल्या. अण्णा आतल्या खोलीत चाळीसच्या बल्बखाली मुलांच्या वह्या तपासत होते. आई त्यांना काही बोलली नाही. तिने सुगडं उचलली आणि त्यातली बोरं आम्हा भावंडांना वाटून टाकली. ती बोरं तुरट होती, की माझ्याच तोंडाची चव गेली होती, कुणास ठाऊक.

आणि आजीच्या दहाव्याच्या दिवशीचं एक. अण्णा शाळेत गेल्यावर आईने भाताचा गोळा केला, त्यावर दह्याचा ठिपका ठेवला आणि परसातल्या पत्र्यावर नेऊन ठेवला. हात जोडून उभी राहिली. अण्णा काहीतरी विसरले म्हणून परत आले होते. त्यांनी मागच्या दारातून ते पाहिलं आणि पावलांचा आवाज न करता पुढच्या दाराने निघून गेले. दोघांमधलं हे मी एकटीने पाहिलं. कावळा आला होता का, ते मला आठवत नाही.

आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, २०१६ सालचा. जातपंचायतीने एखाद्या घराला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, आणि तो हवाच होता. पण तिळगुळाला न आलेल्या बाईवर कुठलं कलम लावणार? वेगळं मत मांडणाऱ्याला जे सोसावं लागतं ते बहुतेक वेळा असं न आलेल्या माणसांचं असतं, आणि ते त्याच्यापेक्षा उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला जास्त सोसावं लागतं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडने बहिष्कार घातला, आणि त्याची झळ गावात राहणाऱ्या त्यांच्या आईला, भावाला लागली. कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. त्यांच्या आईला काय मिळालं, हा प्रश्न मी पूर्वी कधी विचारला नसता.

रानड्यांबद्दलही माझं मत असंच हळूहळू बदललं. कॉलेजात असताना मला त्यांचा फार राग यायचा. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यात ख्रिस्ती पाद्र्यांच्या पंचहौद मिशनमध्ये पुढारी मंडळी जमली, समोर चहा-बिस्किटं आली, आणि पाहुण्यांची नावं गोपाळराव जोशांनी वर्तमानपत्रात छापून आणली. ग्रामण्य माजलं, म्हणजे या मंडळींना जातीबाहेर टाकायचा वाद पेटला, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. आणि ज्यांनी ठाम राहावं असं सगळ्यांना वाटत होतं त्या माधवराव रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं. एका कप चहासाठी! न्यायमूर्ती असून! माझ्या वहीत मी त्यांच्या नावापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणी पुढे वाचल्या तेव्हा कळलं की रानड्यांनी ते स्वतःच्या जिवासाठी केलं नव्हतं. ज्या मित्रांच्या घरी आईबाप जेवेनासे झाले होते त्यांची कोंडी सुटावी म्हणून ते त्यांच्या बरोबरीने बसले. हे वाचून राग गेला. पण काकीचं वाक्य ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी एस्टीत रानड्यांचा हा समंजसपणा मी स्वतःसाठी वापरून घेतला होता. रानड्यांनी दुसऱ्याची अडचण पाहून कमीपणा स्वतःकडे घेतला होता. मी काय घेतलं? हातात ताट होतं, त्यात काचा होत्या, आणि त्या दुसरीच्या होत्या.

कऱ्हाडहून गावाकडे जाताना टेंभूचा फाटा लागतो. आता टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, कृष्णेचं पाणी उचलून आटपाडी-सांगोल्याच्या कोरड्या रानात नेणारी. आगरकर या गावचे. १८५६ साली जन्मले, १८९५ साली गेले, चाळिशीही गाठली नाही. 'सुधारक' त्यांनी १८८८ साली काढला, पुढचं आयुष्य दम्याने धापा टाकत लिहीत राहिले. जिवंतपणी पुण्याच्या रस्त्यातून त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, हे आपण शाळेत शिकतो. वर्गात हा प्रसंग सांगताना मी नेहमी आगरकरांच्या चेहऱ्याचं वर्णन करायचे, ते किती शांत राहिले असतील ते. गेल्या वर्षापासून माझं लक्ष घरातल्या दुसऱ्या माणसाकडे जातं. यशोदाबाई. ज्या बाईच्या कपाळाला कुंकू आहे तिच्या दारावरून तिच्या नवऱ्याची तिरडी 'राम बोलो' करत नेली, तेव्हा तिच्या पोटात काय कालवलं असेल? शिकवण्याच्या ओघात मी त्या घराचं दार बावीस वर्षं बाहेरूनच पाहत होते.

याच काळातली आणखी एक गोष्ट आहे. ती पाठ्यपुस्तकात असायला हवी. १८९० च्या सुमारास मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं तिथे ठरलं. केशवपनावर त्या काळात शेकड्यांनी पानं लिहिली गेली, शास्त्रार्थ झाले, आधार काढले गेले. पण वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवतो म्हणणं ही वेगळीच गोष्ट. ती माणसं पंडित नव्हती. त्यांचं त्यावर पोट होतं. धर्मशास्त्र काय म्हणतं याच्यापेक्षा आपला हात काय करतोय, एवढंच त्यांनी पाहिलं. रूढी कुठेतरी आकाशात नसते. ती चालायला कुणीतरी वस्तरा धरावा लागतो, कुणीतरी दगड उचलावा लागतो आणि कुणीतरी ताट धरावं लागतं. तात्यांच्या घरातल्या त्या खोलीत मला बोलता आलं नाही हे मी कदाचित स्वतःला माफ करीन. पण बोलायची गरजच नव्हती. ताट खाली ठेवून काकीशेजारी जाऊन बसता आलं असतं. तेवढं साध्य होतं.

हे जास्त लागतं, कारण काकीने माझ्यासाठी नेमकं तेच केलं होतं. भाऊ-भाऊ बोलत नव्हते त्या दोन वर्षांत ती रोज संध्याकाळी परसातल्या गडग्यावर दुधाची लोटी ठेवायची. तात्या रानातून यायच्या आत. ती काही बोलायची नाही, मीही बोलायचे नाही. मी लोटी उचलायची, रिकामी लोटी सकाळी त्याच जागी ठेवायची. एकदा तात्यांनी पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी तिचा डोळा सुजलेला होता. लोटी मात्र गडग्यावर होती. अण्णांची गणना गावाने पुढे सुधारकांत केली, निवृत्तीला सत्कार केला, त्या बाकांबद्दल भाषणं झाली. गडग्यावरच्या लोटीबद्दल आजवर कुणी काही बोललेलं नाही. मीसुद्धा नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय.

"मग तूच का न्हाई म्हणालीस?" मी काकीला विचारलं. विचारताना माझ्या आवाजात जी धार आली तिची मला लाज वाटते. काकीने हातातली शेंग मोडली. "मला तवा काय कळत हुतं का? हात कुनाचा हाय ह्येबी कळत न्हवतं. म्हातारी म्हनली हात दे, दिला." मग थोड्या वेळाने, "तू दारात दिसलीस. म्हनलं, आली. आता ही बोलंल." पुढे ती काही बोलली नाही. मीही नाही. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला हेरवाडचं सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. हे तिने ऐकलं होतं, आमच्या गावातही तो कागद आला होता आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात गेला होता. मग मी करमाळ्याच्या प्रमोद झिंजाड्यांचं सांगितलं. लोकांना सांगण्याआधी त्यांनी स्वतः स्टँप पेपरवर लिहून दिलं, की माझ्यामागे माझ्या बायकोच्या बाबतीत यातलं काही करायचं नाही. नवऱ्याने हयातीत आपल्या मरणाबद्दल लिहून ठेवलं, हे ऐकताना काकीचा हात पहिल्यांदा थांबला.

"तसं मला लिवून देता यील का?"

"तुझं काय लिहायचं आता, काकी?"

"माझं झालं. हिचं लिही." तिने स्वयंपाकघराकडे मान केली. आत सून भाकरी थापत होती, थापण्याच्या तालावर तिच्या बांगड्या वाजत होत्या.

मला समजायला क्षणभर लागला. सुनेच्या बांगड्या म्हणजे लेकाचं मरण. तिन्हीसांजेची वेळ, समोर दिवा लावलेला. लहानपणी आमच्या तोंडून अशा वेळी 'मर' शब्द गेला तरी हीच काकी तोंडावर हात ठेवायची, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून. गोठ्यात बापू गाईला वैरण टाकत होता. त्याने ऐकलं. "आई, काय अभद्र बोलतीस सांजच्याला?"

"म्हनू दे वास्तूला काय म्हनायचं ती," काकी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण खाली आला नाही. "तुला शंभर वर्सं घालीन देवाला सांगून. पन कधी काय झालं तर ह्या घरात हिच्या हाताला कुनी दगड लावायचा न्हाई. तवा मी असंन नसंन. लिही गं तू."

नातवाच्या वहीचं मधलं पान मी फाडलं. काकी सांगत गेली, मी लिहीत गेले. एकही शब्द माझा घातला नाही. सून दारात येऊन उभी राहिली, हात पिठाने भरलेले, कोपरावरून पदर सावरत. काकी चौथी शिकलेली. तिने पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढत सही केली, खाली तारीख घातली आणि कागद बापूच्या दिशेने धरला. बापूने वैरणीचे हात लेंग्याला पुसले, चपला अंगणात काढल्या आणि कागद घेऊन बल्बखाली गेला. सहा ओळी होत्या. वाचायला त्याला बराच वेळ लागत होता. काकीने गवारीचा राहिलेला ढीग पुढ्यात ओढला.